हुरूप कुणाच्या भाषेतला

लोहाऱ्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत इरम्मा कडक भाकऱ्या करून विकते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून कुरकुरीत होईपर्यंत वाळू द्यायची. अशी भाकरी महिनाभर टिकते. तहसीलला कामाला आलेले खेड्यातले लोक जाताना नेतात, पोरं पुण्याला असलेले आईबाप गठ्ठे बांधून नेतात. इरम्मा पाच-पाचची थप्पी लावते आणि लावताना कानडीत मोजते. वंदु, यरडु, मूरु, नाकु, ऐदु. बाकी तिचं सगळं मराठीत चालतं. बाजार मराठीत, भांडण मराठीत, दवाखाना मराठीत. पण आकडे माणूस ज्या भाषेत पहिल्यांदा शिकतो त्याच भाषेत राहतात. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिच्या घरात कानडी उरली होती ती एवढीच, पाचापर्यंतची.

ती मूळची कर्नाटकातली, गुलबर्ग्याच्या अलीकडं आळंद आहे, त्या आळंदजवळच्या एका खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन लोहाऱ्याला आली. नवरा कल्याणप्पा याचं भांड्यांचं लहानसं दुकान होतं. घर लिंगायताचंच, देव तेच, विभूती तीच, पण या घरातून कानडी दोन पिढ्यांमागंच निघून गेली होती. सोयरीक जमवताना हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळं जुळलं, जेवणावळी उठल्या, आणि नवी सून घरात आल्यावर कळलं की तिला मराठीचा एक शब्द येत नाही.

सासू काही वाईट नव्हती. ती मोठ्यानं बोलायची, जणू आवाज चढवला की भाषा बदलते. इरम्मा तिच्या हाताकडं बघून काम ओळखायची. घागर दाखवली की पाणी, सूप दाखवलं की ज्वारी. तीन महिने तिनं तोंड उघडलं नाही. उघडून काय बोलणार, आणि कुणाशी. गल्लीतल्या बाया तिला मुकी सून म्हणायला लागल्या, आणि ते म्हणत असताना त्या हसायच्या नाहीत, हळहळायच्या, म्हणून तिला ते कळलंही नाही.

मग एक दिवस सासूची बहीण बेंबळीहून आली. इरम्मा चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिच्या माहेरी करतात तशा पातळ, भिंतीला टेकून उभ्या ठेवलेल्या. पाहुणीनं एक मोडून तोंडात टाकली, दुसरी मोडली, आणि बहिणीला म्हणाली, "पोरीला कामाचा हुरूप लई हाय बघ."

इरम्माचा हात परातीत थांबला. इतके दिवस कानांवरून नुसता गलका वाहत होता, त्यातून एक शब्द तिला ओळखीचा लागला. जत्रेत चुकलेल्या पोराला आपल्या गावचं माणूस दिसावं तसं झालं. ती मान वर करून स्पष्ट म्हणाली, "हुरुपु."

सासू बहिणीकडं बघत राहिली. "बोलती की ही," ती म्हणाली.

कल्याणप्पा दारात उभा होता, त्यानं ते ऐकलं. संध्याकाळी त्यानं तिला खुणेनं विचारलं, तुमच्याकडं हुरुपु म्हणजे काय. तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झपझप चालून दाखवलं आणि वळून त्याच्याकडं पाहिलं. तो हसला. आमच्याकडंही तेच, असं त्यानं मान हलवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, नीरु. तो म्हणाला, पाणी. असं दिवसाला एक-दोन शब्द करत करत पाच-सहा वर्षांत तो कानडी बोलायला लागला आणि ती मराठी. त्याची कानडी शेवटपर्यंत कच्चीच राहिली, पण जे बोलायचं ते तो बिनधास्त बोलायचा.

मुलगा झाला, विरेश. त्याला तिनं कानडी शिकवली नाही. शाळेत पोरं चिडवतील, बोलण्याला हेल येईल, अशी तिला भीती होती. कानडी नवराबायकोपुरती राहिली. पोरानं ऐकू नये असं काही असलं की ती दोघं कानडीत बोलायची. विरेशला लहानपणी वाटायचं की कानडी ही काळजीची भाषा आहे.

विरेश आता चाकणला एका कंपनीत आहे. बायको, दोन मुली. रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाऊस आहे का. इरम्मा व्हय म्हणते, घेतल्या म्हणते, न्हाय म्हणते. तीन-चार मिनिटांत बोलणं संपतं आणि दोघांनाही आणखी काही आठवत नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत शेजारची सखूबाई एका मुलीला घेऊन आली. मैथिली तिचं नाव, तुळजापूरच्या शिक्षकाच्या घरातली, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. बोलींचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेसाठी ती गावोगाव फिरून जुन्या माणसांचे शब्द गोळा करत होती. खांद्याला पिशवी, हातात चित्रांचा गठ्ठा आणि आवाज धरून ठेवणारं लहानसं यंत्र.

"इरम्मावहिनी लई जुन्या हायत इथल्या," सखूबाई म्हणाली. "भाकरीचं तर समदंच ठावं त्यांना."

इरम्मा विकायच्या चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती. तिनं कढई उतरवली, हात पुसले, चटई टाकली. मैथिलीनं एकेक चित्र पुढं धरलं. शिडी.

"आमी निसण म्हणतो."

उखळ, मुसळ, पाटा, मोट, सगळं झालं. मग चित्रात न येणारे शब्द आले. राग येणं, कंटाळा येणं, आठवण येणं. मैथिली कागदावर बघून विचारत होती. "आजी, एखाद्याला काम करायची मनापासून उभारी आली, अंगात बळ आल्यासारखं झालं, तर त्याला काय म्हणता तुम्ही?"

"हुरूप."

मैथिलीनं लिहून घेतलं. "हा पुस्तकी मराठीतही आहे. सगळीकडं चालतो."

"ह्यो मराठी न्हाय, पोरी," इरम्मा म्हणाली. "कानडी हाय. माझ्या अव्वाचा, आईचा शब्द हाय ह्यो."

मैथिलीनं वर पाहिलं. वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता आणि कामाचा नियमही तसाच होता, सांगणाऱ्याला दुरुस्त करायचं नाही. तिनं नुसतं विचारलं, "उत्साह म्हणजे तेच ना, आजी? की वेगळं?"

इरम्मानं शेंगदाण्याचं एक टरफल बोटांत चुरगळलं. असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"उत्साह सणासुदीचा. पत्रिकेत छापत्यात त्यो. हौस येगळी. हौस एकट्याला बी असती. मला पानाची हौस हाय, मी एकटी खाती. हुरूप तसा न्हाय. त्यो आणावा म्हटलं तर येत न्हाय, त्यो आपसूक येतो. आन् दुसरं कुणी असलं तर येतो. कुणी बघितलं, बरं केलंस म्हटलं, संगं दोन पावलं चाललं, मग येतो."

"आणि एकटं माणूस असलं तर?" हा प्रश्न मैथिलीच्या कागदावर नव्हता.

"एकट्याला कशाला लागतो," इरम्मा म्हणाली. "भाकऱ्या हुरुपाबिगर बी होत्यात."

दोन तास गेले. शेवटी मैथिलीनं फॉर्म काढला. नाव, वय, शिक्षण, किती वर्षं या गावात. मग मातृभाषा.

"मराठीच लिव्हा की," सखूबाई म्हणाली. "पन्नास वर्सं झाली हितं."

"कानडी," इरम्मा म्हणाली.

मैथिलीचं पेन क्षणभर थांबलं. मग तिनं ते लिहिलं. उठताना म्हणाली, "आजी, हुरूप मूळचा कुठला ते मी शोधून तुम्हाला सांगते. नक्की सांगते."

ती गेली, आणि इरम्माला कितीतरी दिवस चैन पडेना. चार वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. भाकऱ्या किती, चटणी तिखट आहे का, एवढंच. आता विचारलं गेलं होतं, तर उत्तर पक्कं असावं असं तिला वाटायला लागलं. हुरुपु हा शब्द अव्वाचा, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कुणीतरी हो म्हणणं यांत फरक असतो. हो म्हणू शकेल असं एकच माणूस शिल्लक होतं, तिचा थोरला भाऊ शंभुलिंग. त्याला पाहून सात वर्षं झाली होती. भांडण काही नव्हतं. कल्याणप्पा गेला तेव्हा त्याला येववलं नाही, नंतर हिला जाववलं नाही, एवढंच.

संक्रांत झाली आणि एका सोमवारी तिनं पिशवीत भाकऱ्या-चटणी भरली. लोहाऱ्याहून मुरूमला जीपनं गेली आणि मुरूमला आळंदकडं जाणाऱ्या कर्नाटकाच्या बसमध्ये बसली. कंडक्टर बायकांकडं आधार कार्ड मागत होता. तिकडच्या बायकांना प्रवास फुकट होता. इरम्मानं कार्ड दिलं आणि कानडीत म्हणाली, मी इथलीच आहे, माझं माहेर पुढं दोन गावं सोडून. कंडक्टरनं कार्ड उलटंपालटं केलं, "महाराष्ट्र" एवढं म्हणाला आणि तिकीट फाडून दिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. शेजारी बसलेल्या बाईनं हे सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं ती इरम्माकडं वळली आणि मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "कुठं चालले तुम्ही?" इरम्मानं खिडकीबाहेर बघत कानडीत उत्तर दिलं. बाई मान हलवून पुढं बघायला लागली.

माहेरच्या घराला आता सिमेंटचा सोपा झाला होता. शंभुलिंग तिथं बाजेवर बसला होता. डोळ्यांत फूल पडलेलं, पण कान शाबूत. "अण्णा," तिनं हाक मारली, आणि त्यानं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. "इरी?"

त्याच्या सुनेनं पाणी दिलं. नातीनं, कॉलेजात जाणाऱ्या शिवप्रियानं, मोबाइलमधून मान वर काढून थोडा वेळ या नव्या आजीचं बोलणं ऐकलं आणि आईच्या कानात काहीतरी सांगून हसली. इरम्मानं विचारलं, काय झालं गं. पोर मोकळी होती, तिनं सांगून टाकलं. आजी, तुमची कानडी ऐकली की मराठी माणूस कानडी बोलतंय असं वाटतं.

इरम्माही हसली. दुसरं काय करणार.

जेवणं झाल्यावर ती भावाजवळ बसली आणि ज्यासाठी आली होती ते तिनं विचारलं. अव्वा म्हणायची ना रे, हुरुपु? सकाळी आपण उठत नव्हतो तेव्हा म्हणायची ना, हुरुपु नाही का अंगात?

शंभुलिंगानं बराच वेळ विचार केला. "अव्वा हुरुपु म्हणत नव्हती," तो म्हणाला. "अव्वा उमेदु म्हणायची. हुरुपु अप्पाचा शब्द. अप्पा बैल घेऊन लातूरच्या बाजाराला जायचा, तिकडनं आणला त्यानं. अव्वा त्याला हसायची, मराठी बोलतोय म्हणून."

"नाही," इरम्मा म्हणाली. "अव्वाच म्हणायची."

"तू लहान होतीस."

मनातल्या मनात तिनं अव्वाचा आवाज काढून बघितला. चूल दिसली, अव्वाचं हिरवं लुगडं दिसलं, हाताची काकणं ऐकू आली. शब्द काही ऐकू येईना. पन्नास वर्षं जो आवाज आहे असं तिनं धरून ठेवलं होतं, तो विचारायला गेल्यावर सापडेनासा झाला. न विचारता घरी बसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

थोड्या वेळानं शंभुलिंग म्हणाला, "कल्याणप्पा नाही आले?"

आतून सून लगबगीनं बाहेर आली. सासऱ्यांचं आता काही ध्यानात राहत नाही, असं तिनं इरम्माच्या कानाशी लागून सांगितलं. काल त्यांनी धाकट्या मुलाला ओळखलं नव्हतं.

"दुकानात काम होतं," इरम्मा म्हणाली. "पुढच्या वेळी येतील."

"या म्हणावं. त्यांची कानडी ऐकून लई दिवस झाले."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. भावाचं म्हणणं खरं की विसराळूपणाचं, हे कळायला मार्ग नव्हता. शब्द अव्वाचा की अप्पाचा, आणि अप्पाचा असला तर लातूरचा, म्हणजे शेवटी मराठीच. मग तीन महिने मुकी राहून चुलीपुढं जो शब्द आपला म्हणून तिनं ओळखला होता, तो खरं तर या मराठी घराचाच होता. असंही असेल.

फेब्रुवारी संपता संपता मैथिली आली. या वेळी सखूबाई बरोबर नव्हती. ती दारातच जरा घुटमळली, मग आत येऊन चटईवर बसली.

"आजी, शब्दाचं सांगते आधी. मराठीच्या कोशात हुरूप आहे. जोम, उमेद, अंगात येणारं बळ. पण कुठून आला ते मी पाहिलं त्यात दिलेलं नाही. कानडीच्या कोशातही आहे, हुरुपु, अर्थ तोच. आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, कानडीत हुरि म्हणजे भाजणं, त्याच्या धगीवरून आला असेल. त्यांचे एक मित्र आहेत कानडीचे, ते म्हणाले, भाजणं नाही, दोरीला पीळ देतात त्यालाही कानडीत हुरि म्हणतात, त्या पिळावरून असेल. तिसऱ्या बाई म्हणाल्या, मराठीतून तिकडं गेला असेल. छातीठोकपणे कुणीच सांगेना."

"आमचा अण्णा म्हणतो, बैलासंगं गेला तिकडं," इरम्मा म्हणाली.

"तेही असेल. हद्दीवरचे शब्द असेच असतात, आजी. दोन्हीकडं नांदतात, मग माहेर कुठलं ते कुणाला सांगता येत नाही."

मैथिलीच्या चेहऱ्यावर दुसरंही काही आहे हे इरम्माला दिसत होतं.

"आणखी एक सांगायचंय. फोनवर सांगितलं असतं, पण बरं वाटेना." मैथिलीनं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "ज्यांची मातृभाषा मराठी, त्यांचंच धरायचं असा आमचा नियम आहे. तुमचं सगळं बाजूला काढलं. चूक माझी आहे. मातृभाषा आधी विचारायला पाहिजे होती. मी शेवटी विचारली."

"म्हंजी माझं काईच धरलं न्हाय."

"नाही."

"आन् कानडीत?"

"आमच्याकडं कानडीचं काम नाही, आजी."

इरम्मानं मान हलवली. बसमधला कंडक्टर तिला आठवला, शिवप्रिया आठवली. राग आला नाही. असं होणार हे जणू आधीच कुणी सांगून ठेवलं होतं. ती उठली, चहा ठेवला, कपात ओतला. मैथिली चहा हातात धरून बसली. पिईना. मग तिनं पिशवीतून ते यंत्र काढलं आणि मध्ये ठेवलं.

"आजी, तुम्ही कानडीत बोला. हे कामाचं नाही. मला कळणारही नाही. पण बोला."

"कुणाशी बोलू?"

"माझ्याशी बोला. मी ऐकते."

इरम्माला हसू आलं. सुरुवातीला तिनं घरातल्या वस्तूंची नावं घेतली, लहान पोराला शिकवावं तशी. मग ज्वारी कशी निवडायची ते सांगितलं. मग अव्वाचं, अप्पाच्या बैलांचं. शब्द आधी अडकत होते, मध्ये मराठी घुसत होती. हळूहळू मराठी मागं पडली. मैथिली तिच्या तोंडाकडं बघत होती आणि हूं हूं करत होती, कुठं करायचं ते न कळता. आणि नेमकं समोरच्याला कळत नाही म्हणूनच असेल, इरम्मा जे चार वर्षं कुणाला बोलली नव्हती तिथवर आली.

ते असं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कल्याणप्पा रोज सकाळी उठला की तिला कानडीत एकच विचारायचा, "हुरुपु ऐतेन?" हुरूप आहे का. ती म्हणायची, "ऐति." आहे. आजारी असली तरी ऐति, भांडण झालं असलं तरी ऐति, मग ते जरा फणकाऱ्यानं. भूकंपाच्या सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर बसली होती, तेव्हाही त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. पंचेचाळीस वर्षं.

सोलापूरच्या दवाखान्यात तो सहा दिवस होता. शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले. खाटेभोवती विरेश होता, सून होती, नर्स सलाइन बघत होती, शेजारच्या खाटेची माणसं होती. त्यानं इरम्माला शोधलं आणि जड जिभेनं विचारलं, "हुरुपु ऐतेन?" नर्सनं विचारलं, काय म्हणतायत आजोबा? सगळे इरम्माकडं बघायला लागले. इतक्या लोकांत तिला संकोच वाटला. ती मराठीत म्हणाली, "आता काय बोलायचं ते? पडा गप. दम लागंल." तो पडला. दुपारी गेला.

हे सांगताना ती रडली नाही. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, तिनं ते सांगितलं. ऐति म्हणायला किती वेळ लागतो, असं तिनं शेवटी त्या यंत्राला विचारलं. मैथिलीला यातलं काही कळलं नव्हतं, फक्त कल्याणप्पा हे नाव पुन्हा पुन्हा आलं तेवढं कळलं होतं. चहा गार झाला होता. तो तिनं तसाच पिऊन टाकला.

मैथिलीचं लोहारा तालुक्यातलं काम त्या महिन्यात संपलं. जाताना तिच्याकडं फॉर्मवर लिहिलेला विरेशचा नंबर होता, म्हणून तिनं तो आवाज विरेशला पाठवून दिला. खाली लिहिलं, तुमच्या आईंचं बोलणं आहे, तुमच्याकडं असावं.

विरेशनं कंपनीच्या बसमध्ये ते लावलं. त्रेचाळीस मिनिटं. आई एवढं सलग बोलू शकते हे त्याला माहीत नव्हतं. रविवारी त्यानं फोन केला, पण गोळ्यांचं विचारलं नाही.

"आई, यात बाबांचं नाव लई वेळा येतंय. काय सांगितलंयस?"

"काय न्हाय. जुन्या गोष्टी."

"सांग की."

"फोनवर न्हाय सांगता येत. येशील तवा सांगते."

तो पाडव्याला आला, एकटाच, दोन दिवसांसाठी. जेवायला बसल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. इरम्मा भाकरी वाढता वाढता थांबली. कानडीत जे इतकं लांब, इतकं नीट आलं होतं, ते ती मराठीत मांडायला लागली. कुठून सुरू करावं ते कळेना. रोज सकाळचं ते विचारणं मराठीत सांगितलं तर पोरकटपणा वाटला असता. शेवटी ती म्हणाली, "त्येंनी जायच्या दिशी मला एक इचारलं. म्या नीट जबाब दिला न्हाय."

विरेश वाट बघत राहिला. "एवढंच?"

"एवढंच."

त्यानं दोन घास खाल्ले. मग ताटाकडं बघत म्हणाला, "मला कानडी का शिकवली नाहीस?"

"शाळंत पोरं चिडवतील म्हणून."

"चिडवलं असतं तर चिडवलं असतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तो गेला. गाडी सुटेपर्यंत दोघंही उन्हात उभी होती आणि पाण्याची बाटली घेतली का, एवढंच बोलली.

त्यानंतर त्याचे फोन थोडे लांबले, चारची सात-आठ मिनिटं झाली. मैथिलीचे दोन-तीन आले, मग तिला नांदेडला नोकरी लागली आणि तेही थांबले. इरम्मानं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. माणसं कामाला लागली की लागतात.

आषाढात एका सकाळी तिचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडं शिवप्रिया होती, शंभुलिंगाची नात. पोर घाबरलेली होती आणि आजीला नीट समजावं म्हणून मराठीत बोलत होती. शब्द जोडून जोडून, अडखळत, तिनं सांगितलं की आजोबा पहाटे गेले, आता ते राहिले नाहीत, दुपारी माती देणार, तुम्ही निघा.

इरम्मा चुलीपुढं बसली होती. तवा तापलेला होता. तिनं तो खाली उतरवला.

"कानडीत सांग, पोरी," ती म्हणाली.

मग शिवप्रियानं पहिल्यापासून, सावकाश, सगळं कानडीत सांगितलं.